बंडल करणं आता सोडायला हवं का?

धागाकर्ता: प्रत्येक वेब प्रोजेक्टला बंडलर (जावास्क्रिप्टच्या अनेक फाइली जोडून एक फाइल, म्हणजे बंडल, बनवणारं साधन) लावायची सवय आता सोडावी, असं माझं ठाम मत झालंय. एचटीटीपी १.१ मध्ये (ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीच्या नियमांची जुनी आवृत्ती) ब्राउझर एका होस्टला साधारण सहाच कनेक्शन उघडायचे, म्हणून सगळा कोड एका फाइलमध्ये कोंबावा लागायचा. २०१५ मध्ये एचटीटीपी २ आलं आणि एकाच कनेक्शनवरून अनेक फाइली एकाच वेळी येऊ लागल्या. २०१८ पर्यंत क्रोम, सफारी, फायरफॉक्स या तिन्हींत मॉड्यूल्स (एकमेकांना इम्पोर्ट करणाऱ्या, म्हणजे मागवून घेणाऱ्या, कोडच्या सुट्या फाइली) थेट चालायला लागली. मग एक ओळ बदलली म्हणून अख्खं बंडल पुन्हा डाउनलोड का करायला लावायचं?

प्रतिसाद १: असहमत. कनेक्शनचा प्रश्न सुटला, साखळीचा नाही. पहिली फाइल वाचल्याशिवाय दुसरी लागणार हे ब्राउझरला कळत नाही, दुसरी वाचल्याशिवाय तिसरी. इम्पोर्ट पाच पातळ्या खोल गेले आणि सर्व्हरकडच्या एका फेरीला २०० मिलिसेकंद लागले, तर एक सेकंद नुसता वाट बघण्यात गेला. विटे (Vite) हे बिल्ड टूल डेव्हलपमेंटमध्ये तुमचा कोड सुट्या मॉड्यूल्सनी देतं, पण प्रॉडक्शनसाठी, म्हणजे खऱ्या वापरकर्त्यांसाठी, बंडलच बनवतं. ते उगाच नाही.

धागाकर्ता: त्यावर मॉड्यूलप्रीलोड हा एचटीएमएलमधला टॅग आहे की. लागणाऱ्या फाइली एचटीएमएलमध्येच आधी सांगून टाकायच्या.

प्रतिसाद १: आणि ती यादी हाताने लिहिणार? नाही, म्हणजे ती बनवायला बिल्डची (कोड साइटवर टाकण्याआधी साधनाने तयार करण्याची) पायरी आलीच. शिवाय शंभर छोट्या फाइली वेगवेगळ्या जीझिप केल्या (पाठवण्याआधी आकसवल्या), तर एकत्र केल्याइतक्या आकसत नाहीत, कारण एका फाइलमधली पुनरावृत्ती दुसरीला उपयोगी पडत नाही.

प्रतिसाद २: तुम्ही दोघंही नेटवर्कवरच अडकलाय. साध्या फोनवर खरा वेळ पार्सिंग (कोड वाचून समजून घेणं) आणि कम्पाइलिंग (तो चालवण्याजोगा करणं) खातं. व्ही८ हे क्रोमचं जावास्क्रिप्ट इंजिन बहुतेक फंक्शन्स आधी वरवर चाळतं आणि बोलावल्यावरच पूर्ण कम्पाइल करतं, पण चाळायला तरी सगळं बंडल वाचावंच लागतं. जे पान उघडलंच नाही, त्याचा कोडही. क्रोम नेहमी चालणाऱ्या स्क्रिप्टचा कम्पाइल झालेला कोड जपून ठेवतो. बंडलमध्ये एक अक्षर बदललं की त्या बंडलसाठी जपलेलं सगळं वाया. क्वचित बदलणाऱ्या लायब्ररी वेगळ्या ठेवा, बाकी कोड पानागणिक तोडून डायनॅमिक इम्पोर्टने, म्हणजे लागेल तेव्हाच, आणा.

धागाकर्ता: कम्पाइलच्या कॅशचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. असे तुकडे पाडण्यासाठी बंडलर राहू दे, पण एकच बंडल नको, हे अजूनही म्हणेन.

प्रतिसाद १: तुकडे करणार असाल तर मागच्या आवृत्तीच्या फाइली सर्व्हरवरून लगेच पुसू नका. आम्ही पुसल्या होत्या. ज्यांनी पान सकाळपासून उघडं ठेवलं होतं, त्यांनी दुपारी पुढचं बटण दाबलं, जुन्या हॅशची (फाइलच्या नावातली, मजकुरानुसार बदलणारी खूण) फाइल मागितली गेली आणि ४०४, म्हणजे 'फाइल सापडत नाही', असा एरर आला. एका मोठ्या बंडलमध्ये हे दुखणं कधीच नव्हतं.