मदत हवी आहे: सात महिन्यांचं बाळ बाटली तोंडात धरत नाही

नणंदेचं मिरजेत ऑपरेशन झालंय, म्हणून तिचा सात महिन्यांचा मुलगा दहा दिवस आमच्याकडे सांगलीत आहे. आजवर फक्त अंगावरचं दूध आणि दोन वेळा नाचणीची पेज. डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलंय, पण बाटली दिसली की ओठ घट्ट मिटतो. दोन प्रकारची निपलं बदलली, दूध कोमट केलं, नणंदेची जुनी साडी खांद्यावर टाकून बसले. वाटी-चमच्याने तीसेक मिली पितो, मग मान फिरवतो. लघवी दिवसात सहा-सात वेळा होते, ताप नाही, पेज आवडीने खातो.

घरात नऊ माणसं, खाली पिठाची गिरणी. भूक लागली तरी कुणी हाक मारली की लगेच तिकडे बघत बसतो. सासूबाई निपलला मध लावायला सांगतात, पण वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, त्यामुळे तो उपाय कृपया सुचवू नका. गाईचं दूधही नको.

बाटलीचा नाद सोडून थेट छोट्या कपाने पाजायला कुणी शिकवलंय का? किती दिवस लागले? आणि रात्री दोनला, अर्धवट झोपेत, ते कसं जमवलंत?