गुडघ्याला डोकं टेकलंच पाहिजे का? हॉट योगातलं दंडायमान जानुशीर्षासन

सूरसागरकाठी
बडोद्यात अलकापुरीकडे हॉट योगाच्या एका वर्गाला जाते. तोच बिक्रम चौधुरींचा क्रम: श्वसनाचे 2 प्रकार धरून 26 आसनं, दीड तास, खोली 40 अंशांच्या वर तापवलेली आणि वर दमटपणा. (चौधुरींवरचे खटले-आरोप हा वेगळा विषय, त्यासाठी कोणीतरी दुसरा धागा काढा.) उभ्या आसनांत सुरुवातीलाच दंडायमान जानुशीर्षासन येतं. एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाचा तळवा बोटं गुंफून धरायचा, तो पाय कमरेच्या उंचीला समोर सरळ करायचा, मग कोपरं पोटरीच्या खाली उतरवायची आणि शेवटी कपाळ गुडघ्याला. एकदा मिनिटभर, मग पुन्हा अर्धा मिनिट.

आमच्या शिकवणाऱ्या बेन पहिल्या आठवड्यातल्या मंडळींनाही एकच घोषा लावतात, "घूंटणे माथुं अडाडो!" आणि माणसं टेकवतात. समोरचा पाय वाकलेला, उभा पाय थरथरतोय, पाठीची कमान झालेली, पण कपाळ टेकलं की आरशात बघून खूश.

माझं मत सरळ आहे. निम्म्याहून अधिक लोकांनी चौथी पायरी, म्हणजे कपाळ टेकवणं, करूच नये. जमेल तेवढंच वाकावं आणि उभ्या पायाचा गुडघा जरा मऊ, म्हणजे किंचित वाकलेला, ठेवावा. तापलेल्या खोलीत आपण मऊ झालोय असं वाटतं, कारण ताण सोसण्याची जाणीव सैल होते. पण मांडीमागचे स्नायू बैठकीच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथलं कंडर (टेंडन) काही त्या दीड तासात बदलत नाही. तिथे एकदा ओढ बसली की महिनोन्महिने खुर्चीत बसणं नको होतं. तुम्हाला काय वाटतं?

दांडियाबाजारी
हे असं लाड करत आसनं होत नसतात. हठप्रदीपिकेत, म्हणजे हठयोगाच्या जुन्या पोथीत, पश्चिमतान काय सांगितलंय? पाय दंडासारखे पसरायचे आणि कपाळ गुडघ्यांवर ठेवायचं. "जमेल तेवढं वाका, गुडघा जरा मऊ ठेवा" हे कुठेच नाही. आपल्या गावाला व्यायामाची परंपरा आहे. जुम्मादादांची व्यायामशाळा, प्रो. माणिकराव ही नावं इथल्या मराठी घरांत अजून निघतात. तिथे कोणी कच्चा दंड मारला तर शाबासकी मिळाली असती का?

दुसरं म्हणजे, तुमच्या बेन चुकतायत, आसन नाही. याच क्रमात नियम आहे की उभा पाय घट्ट सरळ झाल्याशिवाय दुसरा पाय उचलून ताणायचा नाही, आणि तो सरळ झाल्याशिवाय कोपरं उतरवायची नाहीत. पायऱ्या कोणी गाळत असेल तर त्याचा दोष तंत्राला कसा?

सूरसागरकाठी
पश्चिमतान बसून करायचं असतं. एका पायावर उभं राहून, घामाने निसटणारा तळवा धरून नव्हे. आणि माणिकरावांचंच नाव काढलंत म्हणून सांगते, त्यांच्याकडे तयार झालेले, डभोईत जन्मलेले स्वामी कुवलयानंद पुढे मालसरला माधवदासजींकडे योग शिकले आणि 1924 साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. त्यांनी उड्डियान-नौली या पोटाच्या क्रियांचे एक्स-रे काढले, आतला दाब यंत्र लावून मोजला. पोथीत आहे म्हणून ते थांबले नाहीत. आपण का थांबावं?

निवांत नाना
एक शंका. मे महिन्यात बडोद्यात दुपारी तीनला गच्चीवर गेलं की फुकट हॉट योगा होतो. मग फी कसली?

हाडवैद्य नाही, फिजिओ
नाना, गच्चीवर जाऊ नका, खरंच. बाहेरची मे महिन्यातली उष्णता बरीचशी कोरडी असते, घाम उडून अंग जरा थंड होतं. बंद दमट खोलीत घाम नुसता वाहतो, उडत नाही. 2015 साली अमेरिकेत 20 जणांवर अशाच एका वर्गात मोजणी झाली. पुरुषांचं शरीराच्या आतलं तापमान सरासरी 103 फॅरनहाइटच्या पुढे गेलं होतं आणि एकाचं 104 च्याही वर. ताप असताना आपण पांघरूण घेऊन पडतो, आसनं करत नाही.

आता मुद्द्यावर. दांडियाबाजारी, पायऱ्यांबद्दल तुम्ही बरोबर आहात. उभ्या पायासाठी वर्गात मिळणाऱ्या "गुडघा लॉक करा" या सूचनेबद्दल मात्र थांबा. लॉक म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघ्याची वाटी वर खेचणं. पेशंट माझ्याकडे येतात ते सांधा मागे ढकलून आलेले असतात. ज्यांचा गुडघा मुळातच मागे झुकतो त्यांना तर ते सरळच वाटतं. आरशासमोर बाजूने उभं राहून बघा: घोटा, गुडघा आणि खुबा एका रेषेत दिसला पाहिजे. सगळा भार बोटांवर गेलाय का हे कळायला उभ्या पायाची बोटं क्षणभर उचला, मग पुन्हा टेकवा. तोल गेला तर भार कुठेतरी चुकतोय.

समोरचा पाय सरळ होत नसेल तर कोपरं उतरवायचा प्रश्नच येत नाही. मांडी आडवी, तळवा धरलेला, पोट आत, एवढ्यावर थांबा. या आसनात शेवटी पाठ गोल करणं अभिप्रेत आहे हे खरं, पश्चिमोत्तानासनात (तेच पश्चिमतान) "पाठ लांब ठेवा" म्हणतात तसं नाही. पण गोल केलेल्या कण्याला हातांनी ओढ देणं वेगळं. पोट आवळून, हनुवटी छातीकडे घेऊन कपाळ आपसूक खाली येत असेल तर येऊ द्या. हातांनी स्वतःला खेचून आणत असाल तर ते आसन नव्हे.

मांडीच्या मधोमध ताण जाणवला तर चालेल. बैठकीच्या हाडापाशी किंवा गुडघ्याच्या मागच्या खळग्यात टोचलं, पायात मुंग्या आल्या, की लगेच सोडा. आणि सोडताना एकदम ताठ होऊ नका. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. ब्लड प्रेशरच्या गोळ्या, विशेषतः लघवीच्या, घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या खोलीत शिरूच नये. काचबिंदू असणाऱ्यांनीही डोकं खाली करणारी आसनं विचारूनच करावीत.

वाडीची वहिनी
माझं वय साठीला टेकलंय, हाडं विरळ झालीत. नणंद म्हणते, "वहिनी, गरम खोलीत सगळं मोकळं होतं, चला." जाऊ का?

हाडवैद्य नाही, फिजिओ
पुढे वाकायला नको, वहिनी. 1984 साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हाडं विरळ झालेल्या 59 स्त्रियांचा अभ्यास छापला होता. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात 89 टक्के जणींच्या मणक्यांना नवी इजा दिसली, पाठ मागे ताणणाऱ्या गटात 16 टक्के.

दांडियाबाजारी
गट केवढासा! शिवाय ते व्यायाम पोटाचे, सिट-अपसारखे होते, आसनं नव्हेत.

हाडवैद्य नाही, फिजिओ
गट लहान होता, मान्य. पण कणा वाकतो त्याच दिशेला, आणि मणका चपटा झाला तर तो परत उंच होत नाही. वहिनींनी कशाला पैज लावायची? भिंतीला पाठ टेकून खांदे मागे घ्या, चाला, आणि हाडांची तपासणी करून डॉक्टरांना विचारा.

दांडियाबाजारी
वहिनींचं ठीक, त्यांनी जाऊ नये. पण वीस-पंचवीस वर्षांच्या धडधाकट पोरांना आधीपासूनच "चौथी पायरी करू नका" म्हणणं मला पटत नाही. माझी पोरं पाय सरळ होईपर्यंत महिनोन्महिने दुसऱ्या पायरीवर राहतील, पण नजर कपाळावरच असेल. गुडघा मऊ ठेवायचा सल्ला मी त्यांना देणार नाही.

सूरसागरकाठी
महिनोन्महिने दुसऱ्या पायरीवर! हेच तर आमच्या बेन करू देत नाहीत. तुम्ही शिकवत असाल तर मी तुमच्या वर्गाला येते, आपलं भांडण फक्त गुडघ्यापुरतं उरलंय.

मांजलपूरचा नवखा
मध्येच विचारतो, माफ करा. घामाने माझा तळवा हातातून सुटतो. छोटा टॉवेल पायाला गुंडाळून धरला तर शिक्षक म्हणतात "आ चीटिंग छे". खरंच चीटिंग आहे का?

हाडवैद्य नाही, फिजिओ
नाही. पाय सुटला की सगळा भार उभ्या गुडघ्यावर हिसक्याने येतो. टॉवेल घ्या, कोरडा. आणि वर्गाच्या आधीपासून पाणी प्या, नंतर मीठ घातलेलं ताक.