मदत हवी आहे: सिकलसेलवरचा रिव्ह्यू, ३८ टक्के मॅच येतंय, सोमवारी जमा करायचाय

टीवाय_बडोदा
लवकर कोणीतरी सांगा प्लीज. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा रिव्ह्यू (छापून आलेल्या पेपरांचा आढावा) लिहून झालाय, सगळे संदर्भ टाकलेत, तरी प्लॅजियरिझम चेक केल्यावर ३८ टक्के मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी मॅच दाखवतंय. १० च्या खाली आणायचंय. मॅडम फोन उचलत नाहीयेत. शब्द बदलून बघितले, काही फरक नाही. एखादं चांगलं टूल आहे का? उपदेश नको, तो घरी मिळतोय.

रुमालवाली
रुमाल टाकून ठेवते, म्हणजे उत्तरं आली की मलाही दिसतील. भाचीचं पण हेच रडगाणं चालू आहे.

प्रयोगवही
कोर्स कोणता? चेक कशावर केलं? संदर्भसूची धरून ३८ की वगळून? १० हा आकडा मॅडमनी सांगितला की मित्रांनी? रिव्ह्यू इंग्रजीतच असणार असं धरून चालतो. एवढं सांगितल्याशिवाय कोणीही काही सांगितलं तरी तो अंदाजपंचे दाहोदरसे.

फटाफट_निलेश
अरे सोपं आहे. पॅराफ्रेज करणारी, म्हणजे वाक्यं आपोआप बदलून देणारी, दोन टूल्स घे. एकातून काढलेलं दुसऱ्यात घाल. माझा अख्खा एमबीएचा प्रोजेक्ट असाच निघाला, कोणी हूं की चूं केलं नाही.

काचपट्टी
निलेश, एमबीएत चालून गेलं असेल, इथे पाक्कं पकडतील. ही यंत्रं प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द शोधत बसतात, त्यामुळे ठरलेल्या संज्ञांचीही वाट लागते. गियॉम काबानाक या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली असे छापून आलेले पेपर शोधून काढले. 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बोझम पेरिल' झालेलं, 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस'. असले शब्द शोधून पेपर पकडणारे लोक आता आहेत. सिकलसेलच्या 'सिकल'चं, म्हणजे विळ्याचं, काय होईल याचा विचार कर.

फटाफट_निलेश
बीएस्सीचा प्रोजेक्ट आहे ताई, नोबेलला नाही चाललाय.

टीवाय_बडोदा
टीवाय बीएस्सी, झूलॉजी. चेक एका फुकट साइटवर केलं. वगळून म्हणजे काय, तसं सेटिंग असतं का? १० सगळेच म्हणतात.

प्रयोगवही
असतं. आणि बहुतेक तुझी निम्मी भानगड तिथेच आहे. सगळे म्हणतात तो १० चा आकडा यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतला. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, १० ते ४० दंडाची पहिली पायरी, ४० ते ६० दुसरी, ६० च्या वर तिसरी. पण त्याच नियमांत मोजताना काय सोडून द्यायचं तेही लिहिलंय: संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, आभार, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, प्रमाण चिन्हं आणि समीकरणं. सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळणारी सलग १४ शब्दांपर्यंतची वाक्यंही सोडायची. फुकट साइट यातलं काहीच सोडत नसेल, तर तुझ्या संदर्भांची पानंच्या पानं 'चोरी' म्हणून मोजली गेली असणार. कॉलेजच्या लायब्ररीत अधिकृत सॉफ्टवेअर असेल, तिथून रिपोर्ट काढ. आणि फुकट साइटवर पुन्हा पुन्हा टाकू नकोस, ते तुझा मजकूर कुठे साठवतात कोण जाणे.

निवृत्त_डॉक्टर
टक्केवारीत काय अडकलात सगळे? मूळ मुद्दा असा की रुग्णांवर काम करण्याआधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाच. लेखी संमती, ती रुग्णाला समजेल त्या भाषेत, अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची. आदिवासी समाजात काम करताना तर दुप्पट काळजी. आमच्या काळी कोणी विचारायचं नाही, ते चूकच होतं.

टीवाय_बडोदा
काका, पेशंट कुठून आले? मी नुसता रिव्ह्यू लिहितोय. पीडीएफ वाचून.

निवृत्त_डॉक्टर
मग आधी सांगायचं.

काचपट्टी
हात कंगन को आरसी क्या. एक परिच्छेद इथे टाक बघू, ज्यात सगळ्यात जास्त लाल, म्हणजे मॅच, आलंय तो. मराठीत सांगितलास तरी चालेल.

टीवाय_बडोदा
हा घ्या. "सिकलसेल आजारात बीटा ग्लोबिनच्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडच्या ऐवजी व्हॅलिन येतं (पॉलिंग, १९४९). भारतात अरब-इंडियन हॅप्लोटाइप (जनुकाच्या आसपासच्या फरकांचा एकत्र येणारा संच) आढळतो. त्यात हिमोग्लोबिन एफ (गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन) जास्त असल्याने आजार सौम्य असतो." पूर्ण परिच्छेद लाल आहे.

काचपट्टी
पहिलं वाक्य, म्हणजे हिमोग्लोबिनच्या साखळीतला एक दुवा (ॲमिनो ॲसिड) बदलतो ते, लाल येणारच. जगातल्या प्रत्येक सिकलसेल पेपरमध्ये ते त्याच शब्दांत आहे, त्याला हात लावू नकोस. पण संदर्भ चुकीचा आहे. पॉलिंग आणि मंडळींनी १९४९ मध्ये दाखवलं ते एवढंच की सिकलसेलचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकतं, म्हणजे रेणूतच फरक आहे. नेमकं कोणतं ॲमिनो ॲसिड बदललंय हे त्यांना माहीत नव्हतं. ते व्हर्नन इन्ग्रॅमने काढलं. १९५६ मध्ये प्रथिनाचे तुकडे करून फरक कोणत्या तुकड्यात आहे ते दाखवलं, १९५७ मध्ये ग्लुटामिकच्या जागी व्हॅलिन हे नक्की केलं. म्हणजे तू पॉलिंगचा पेपर उघडलेला नाहीस, कोणाच्या तरी पेपरमधला संदर्भ उचललायस. मॅडम हे पहिल्या पानावर पकडतील, मग ३८ काय आणि ८ काय.

जीनोम_गणू
सहाव्या नाही, सातव्या जागी. सगळे डेटाबेस सात म्हणतात. जुनी पुस्तकं वाचून उत्तरं देऊ नका.

काचपट्टी
गणू, तुम्ही सुरुवातीचं मेथिओनिन (पहिलं ॲमिनो ॲसिड) धरून मोजताय. तयार प्रथिनातून ते काढून टाकलेलं असतं, म्हणून जुन्या मोजणीत सहा. उत्परिवर्तन एकच, मोजणी दोन.

जीनोम_गणू
तेच म्हणतोय मी. आजच्या पद्धतीने सात.

काचपट्टी
आणि इन्ग्रॅमच्या पद्धतीने सहा. मुलाने कुठलाही एक आकडा घ्यावा आणि कोणती मोजणी ते लिहावं. झालं?

जीनोम_गणू
झालं नाही, पण असो.

प्रयोगवही
या दोघांना भांडू दे. तुझ्या परिच्छेदातलं तिसरं वाक्य जास्त घातक आहे. 'हिमोग्लोबिन एफ जास्त म्हणून आजार सौम्य' हे तू कुठल्यातरी ॲब्स्ट्रॅक्टच्या (पेपरच्या सारांशाच्या) शेवटच्या ओळीतून उचललंयस. पण नागपूरकडच्या डॉक्टरांनी याच हॅप्लोटाइपचे चांगले गंभीर रुग्ण नोंदवलेत. मग खरं काय? दवाखान्यात येणारे रुग्ण मोजले तर गंभीरच जास्त दिसणार. गावोगाव तपासणी करून किंवा नवजात बाळांचं रक्त तपासून मोजलं तर ज्यांना कधी ॲडमिट व्हावं लागलं नाही तेही यादीत येतात. सोबत अल्फा थॅलेसेमिया हा दुसरा रक्तविकार असेल तर चित्र आणखी बदलतं. रुग्ण कोणत्या वयाचे होते हेही बघावं लागतं. आता 'सिकलसेल' हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. 'एकच उत्परिवर्तन असून कोणाला सौम्य, कोणाला जीवघेणं, असं का?' हा प्रश्न.

एक काम कर. वहीत आडवं पान घे. प्रत्येक पेपरला एक ओळ. रकाने: साल, जागा, रुग्ण किती, कुठून घेतले (दवाखाना की गाव), हिमोग्लोबिन एफ कशाने मोजलं, त्यांना काय दिसलं. आठ-दहा ओळी झाल्या की पीडीएफ सगळ्या बंद कर आणि फक्त त्या पानाकडे बघून परिच्छेद लिही. असा परिच्छेद दुसऱ्या कुठल्याच पेपरमध्ये नसतो, मग मॅच येईल कुठून?

आईची_वाटाडी
मी तर म्हणते आधी मराठीत सांगायचं. माझ्या मुलाला मी स्वयंपाकघरात उभं करते आणि म्हणते, मला सांग काय वाचलंस. सांगता आलं नाही तर वाचलंच नाही. मग इंग्रजीत लिही म्हणावं.

जीनोम_गणू
मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिलं की ते इंग्रजी राहत नाही. विज्ञानाचं इंग्रजी पेपर वाचूनच येतं.

आईची_वाटाडी
वाचूनच तर ३८ टक्के आलेत ना!

टीवाय_बडोदा
पण पूर्ण पेपर उघडतच नाहीत हो. पैसे मागतात. म्हणून ॲब्स्ट्रॅक्टवर भागवलं. सगळे असंच करतात.

रावपुऱ्याचा_राजू
अरे, 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'! जर्नल्सची वर्गणी सरकारने भरायची योजना. १ जानेवारी २०२५ पासून सुरू. तीस प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास जर्नल्स, तीन वर्षांसाठी ६००० कोटी. सांभाळतं कोण, तर आपल्या गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं केंद्र. घरबसल्या वाच.

टीवाय_बडोदा
आमचं कॉलेज प्रायव्हेट आहे.

रावपुऱ्याचा_राजू
ओह. मग नाही. ते सध्या सरकारी संस्थांना.

काचपट्टी
प्रायव्हेट आहे हे पहिल्याच ओळीत का नाही सांगितलंस बाबा! पबमेड सेंट्रल या साइटवर शोध, तिथे पूर्ण पेपर फुकट असतात. साध्या पबमेडवर फक्त ॲब्स्ट्रॅक्ट दिसतं, बरेच जण दोन्ही एकच समजतात. उरलेल्यांसाठी लेखकाला सरळ ईमेल कर. पेपरवर पत्ता असतो. दोन ओळी: कोण आहे, कशासाठी हवाय. मला तर एका जपानी सरांनी पेपरसोबत पुरवणी तक्तेही पाठवले होते.

सयाजीभक्त
कमाल आहे, कोणी आपल्या बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीचं नाव काढत नाही! महाराज सयाजीरावांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना बोलावून १९१० मध्ये ग्रंथालय खातं उभं केलं. खेडोपाडी पुस्तकं पोचवली. पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या लाद्या आहेत, खाली उजेड यावा म्हणून. आजची पोरं मोबाइलवर रडतात.

टीवाय_बडोदा
आजोबा, तिथे २०२३ चे सिकलसेलचे पेपर मिळतील का?

सयाजीभक्त
जाऊन तर बघ. आणि येताना सेवउसळ खा.

फटाफट_निलेश
सेवउसळ कुठली? आता पूर्वीसारखी तर्री राहिली नाही कुठेच.

रुमालवाली
धाग्याचं काश्मीर करू नका हो, विषयावर राहा.

वाटसरू_९०
लिहून झाल्यावर छापून घे दादा. माझ्या बहिणीचा रिव्ह्यू एका इंटरनॅशनल जर्नलने तीन दिवसांत घेतला. चार हजार भरले, सर्टिफिकेटही आलं. एमएस्सी ॲडमिशनला उपयोगी पडतं.

प्रयोगवही
छापायचं कसं हे त्याने विचारलेलंच नाही. आणि तीन दिवसांत पियर रिव्ह्यू (जाणकारांकडून तपासणी) होत नाही, चार हजारांची पावती मात्र होते. चांगल्या जर्नल्सची यूजीसीची केअर यादीही २०२५ च्या सुरुवातीला बंद झालीय, आता जर्नल बरं की वाईट हे आपणच तपासायचं. त्याच्या वाटेला सध्या जाऊ नकोस.

वाटसरू_९०
सगळ्यांत वाईटच बघायचं असतं तुम्हाला.

कमल_छोटाउदेपूर
मध्येच विचारते, माफ करा. सिकलसेलवर चाललंय म्हणून. आमच्या शाळेत तपासणी झाली, पुतणीच्या कार्डावर 'ट्रेट' लिहून आलंय. घरात सगळे घाबरलेत. आजार आहे का?

निवृत्त_डॉक्टर
ताई, घाबरू नका. ट्रेट म्हणजे एक जनुक सिकलचं, एक नॉर्मल. सर्वसाधारणपणे तिला आजार नाही, औषधाचीही गरज नाही. मात्र कार्ड जपून ठेवा. पुढे लग्नाच्या वेळी मुलाची तपासणी जरूर करून घ्या. दोघेही ट्रेट असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. तिच्या आईवडिलांपैकी एकाकडे तरी सिकलचं जनुक असणारच, म्हणून सख्ख्या भावंडांचीही तपासणी करा. नुसती विरघळण्याची चाचणी झाली असेल तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीने पक्कं करून घ्या. पहिली चाचणी फक्त सिकल आहे एवढंच सांगते, ट्रेट की आजार हे दुसरी सांगते.

कमल_छोटाउदेपूर
बरं वाटलं डॉक्टरसाहेब. कार्डावर एचपीएलसी असंच काहीतरी लिहिलंय.

टीवाय_बडोदा
आलो. लायब्ररीत संदर्भ वगळून रिपोर्ट काढला तर १९ आले. पॉलिंगचा संदर्भ काढून इन्ग्रॅम घातला. वहीतलं पान सुरू केलंय, दवाखाना आणि गाव हा रकाना भरतोय तर खरंच वेगवेगळं दिसतंय. दोन पेपरमध्ये रुग्ण कुठून घेतले हेच धड लिहिलेलं नाही. त्यांचं काय करू? आणि मॅडमचा मेसेज आला, त्यांना प्रिंट शुक्रवारी हवीय, सोमवारी प्रेझेंटेशन आहे.

प्रयोगवही
त्या रकान्यात 'नमूद नाही' असं लिही आणि मजकुरातही सांग. असलं सांगायलाच रिव्ह्यू असतो. शुक्रवार म्हणजे परवा ना?

टीवाय_बडोदा
हो.

बॉटनीवाला
माझा पण असाच प्रश्न आहे, पण ॲझोलाचा. २७ टक्के आहेत. इथेच विचारू का?

रुमालवाली
नवा धागा काढा. आणि कोर्स, कॉलेज, सॉफ्टवेअर सगळं वरच लिहा.