फ्रीझिंग रेननंतर गाडीची दारं चिकटली आहेत, कशी उघडावीत?

मिनेसोटाकर

मिनिआपोलिस, उघडं पार्किंग. काल संध्याकाळी फ्रीझिंग रेन (पडताक्षणी गोठणारा पाऊस) झाला आणि रात्रीत पारा उणे १५ सेल्सियसपर्यंत उतरला. रिमोट दाबला की लॉक उघडल्याचा खट्ट आवाज येतो, हँडलही पूर्ण बाहेर येतं, पण डावीकडची दोन्ही दारं ढिम्म हलत नाहीत. उजवीकडे बर्फ कमी दिसतोय. रिमोट स्टार्ट नाही. घरात ७० टक्क्यांचं रबिंग अल्कोहोल (जंतुनाशक म्हणून वापरतात ते), हेअर ड्रायर आणि प्लॅस्टिकचं स्क्रेपर आहे. गरम पाणी ओतू का? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं?

बोल्टनट

गरम पाणी नको. गारठलेल्या काचेवर कढत पाणी पडलं तर ती तडकू शकते. काच वाचली तरी तेच पाणी फटीतून आत उतरून पुन्हा गोठतं, या वेळी लॅचमध्ये, म्हणजे दार धरून ठेवणाऱ्या कडीत.

लॉकचा आवाज येतोय आणि हँडल मोकळं आहे, म्हणजे लॉक ठीक आहे. दाराभोवतीचं रबर आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये पाणी गोठलंय. अशा वेळी हँडल धरून हिसका देणं सगळ्यात महागात पडतं: एक तर प्लॅस्टिकचं हँडल तुटतं, नाहीतर रबर पत्र्याला चिकटून फाटतं. फाटलेल्या रबरातून उन्हाळाभर पाणी आणि वाऱ्याचा आवाज आत येत राहतो.

आधी दार ओढायचं नाही, आत दाबायचं. रबर एकदोन मिलिमीटर दबतं, बर्फ दबत नाही, तडकतो. तळहात किंवा कंबर टेकवून अंगाचा भार द्या, पण दाराच्या मधोमध नाही, तिथे पोचा येतो. लॅचच्या बाजूची उभी कड आणि काचेभोवतीची चौकट इथे दाबा, वरून खाली चारपाच ठिकाणी. कडेवरचा बर्फ स्क्रेपरनं काढा. स्क्रूड्रायव्हर फटीत घालू नका, रंग उडतो आणि तिथूनच गंज धरतो.

एवढ्यानं सुटलं नाही तर अल्कोहोल स्प्रेच्या बाटलीत भरून फटीवर वरच्या कडेपासून मारा, म्हणजे ओघळत खाली जाईल. ७० टक्क्यांचं असेल तर तसंच वापरा, त्यात पाणी आधीच आहे. ९१ किंवा ९९ टक्क्यांचं असेल तर दोन भाग अल्कोहोल, एक भाग पाणी. दोनतीन मिनिटं थांबून पुन्हा दाबा, मग हळू ओढा. बर्फ जाड असेल तर दोनतीनदा मारावं लागतं. जवळ लायटर नको, हे सांगायला नकोच.

आणि मुळात उजवीकडच्या दारानं आत शिरा की! इंजिन सुरू करून हीटर पूर्ण सोडा, दहापंधरा मिनिटांत डावीकडची रबरं आतून सुटतील. काचा खाली घ्यायचं बटण मात्र दाबू नका. काच चिकटलेली असेल तर आतली केबल किंवा क्लिप तुटते.

तळेगाव_टू_टोरांटो

कोमट पाणी चालतं. उणे एकदोन असेल तर मी तेच सुचवेन, फक्त लगेच फडक्यानं पुसायचं.

बोल्टनट

उणे एकदोनला ठीक. उणे १५ ला फडकं फिरवेपर्यंत हँडलच्या खाचेत बर्फ तयार. इथे नको.

हिवाळी_मेकॅनिक

पुढच्या वेळेसाठी: रबर स्वच्छ पुसून पूर्ण कोरडं करा आणि सिलिकॉन स्प्रे किंवा सिलिकॉन ग्रीस फडक्यावर घेऊन पातळ थर लावा. रबर जिथे टेकतं त्या पत्र्यावरही हात फिरवा. थेट दारावर फवारू नका, सीटवर आणि काचेवर उडतं. नोव्हेंबरात एकदा, जानेवारीत एकदा पुरतं.

व्हॅसलिन लावा असं कुणीतरी सांगेलच. लावू नका. ही रबरं बहुधा ईपीडीएमची (एक कृत्रिम रबर) असतात, पेट्रोलियमनं ती फुगतात आणि सैल पडतात. डब्ल्यूडी-४० या गंज सोडवायच्या स्प्रेचंही तेच, शिवाय ते फार टिकत नाही.

गाडी धुवायची तर पारा शून्याच्या वर असताना. धुतल्यावर चारही दारं, डिकी उघडून कडा पुसा. दाराच्या तळाच्या कडेला पाणी निघून जायची बारीक भोकं असतात. ती रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या चिखलानं बुजली की दारात पाणी साचतं. प्लॅस्टिकच्या झिप-टायनं मोकळी करा.

बॅटरीवाला

वाचणाऱ्या इतरांसाठी. काचेला वरून चौकट नसलेल्या दारांत हँडल ओढताच काच काही मिलिमीटर खाली सरकते, मगच दार सुटतं. काच गोठली असेल तर दार ओढून उपयोग नाही, आधी काचेच्या वरच्या कडेवर अल्कोहोल मारा. टेस्ला मॉडेल ३ सारखं पत्र्यात बसलेलं हँडल असेल तर त्याच्या आजूबाजूला मुठीच्या मऊ बाजूनं ठोकून बर्फ फोडा. गाडी आधीच ॲपवरून तापवत ठेवा.

लॉकच गोठलं असेल तर लॉक डी-आयसर, म्हणजे लॉकमधला बर्फ वितळवणारा द्रव. त्याची कुपी घरात ठेवा, गाडीत ठेवून काय करणार? लायटरनं चावी तापवू नका, चावीच्या मुठीतली चिप जाते.

मिनेसोटाकर

उजवीकडून शिरलो, हीटरनं काम झालं. आता ड्रायव्हरचं दार उघडतंय, पण बंद होत नाही, आपटून परत येतं.

बोल्टनट

आपटणं थांबवा. दाराच्या कडेला लॅचमध्ये आकड्यासारखा दात दिसेल. तो बंद स्थितीत अडकला असेल तर हँडल ओढून धरा आणि स्क्रूड्रायव्हरनं दात उघड्या स्थितीत आणा. दात सैल फिरतोय पण धरत नाही, तर आतली खिटी बर्फात अडकली आहे: लॅचमध्ये अल्कोहोल मारा आणि दात मागेपुढे हलवत राहा. हेअर ड्रायर वापरायचाच तर अल्कोहोल पूर्ण उडून गेल्यावर, पाचेक मिनिटं मंद ठेवून.

मग दार उघडं असतानाच स्क्रूड्रायव्हरनं दात दाबा. दोनदा खट्ट झालं पाहिजे, आणि हँडल ओढल्यावर दात सुटला पाहिजे. सुटत नसेल तर दार लावू नका, नंतर ते बाहेरून उघडणार नाही. सुटत असेल तर कोरडं करून थोडं व्हाइट लिथियम ग्रीस लावा. दोरीनं दार बांधून गाडी चालवायचा विचारही नको.