हंबर सायकल नक्की कुठल्या सालची? मदत हवी आहे

मंडळी, जुन्या ब्रिटिश सायकलींमधलं कळणारं कुणी आहे का इथे? मी लीस्टरला राहते, इथल्या जुन्या सामानाच्या बाजारात एक हंबर मिळाली. काळी, जेन्ट्स, सळ्यांचे ब्रेक, 28 इंची चाकं आणि पुढचा चिमटा तो हंबरचा खास, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेका जाड नळीऐवजी दोन दोन बारीक नळ्या. चेनव्हीलमध्ये पळणारी पाच माणसं कापलेली आहेत. विकणारा छातीठोकपणे 1928 ची म्हणून सांगत होता. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली तर चिमटा बघूनच "अगं ही तर हंबर!" म्हणाले, त्यांच्या लहानपणी मिरजेत डॉक्टर-वकिलांकडेच असायची म्हणे, पण सालाचं त्यांनाही काही सांगता येईना.

आता गोंधळ असा की मागच्या हबवरचा चिकट काळा राप रॉकेलने पुसला तर खाली स्टर्मी-आर्चर (हब बनवणारी कंपनी), एडब्ल्यू (तीन गिअरच्या हबचं मॉडेल) आणि 53 आणि 4 असे आकडे निघाले. हे एप्रिल 1953 धरायचं ना? पुढच्या चाकात 6 व्होल्टचा डायनोहब (दिव्यासाठी वीज करणारा हब) आहे, हँडलवर तीन गिअरचा ट्रिगर. मागच्या मडगार्डला पांढरा पट्टा आहे, तो ब्लॅकआउटचा म्हणून युद्धकाळातली असंही एकाने सांगितलं. म्हणजे 1928, युद्ध आणि 1953, तिन्ही एकाच सायकलवर! फ्रेम जुनी आणि चाकं नंतर बदललेली असू शकतात का, आणि ते कळायचं कसं? हेडबॅज, म्हणजे पुढच्या नळीवरचा कंपनीचा बिल्ला, नाहीये, नुसती दोन भोकं आहेत.

सळीब्रेक: एप्रिल 53 बरोबर, पण ती हबच्या कवचाची तारीख, सायकलची नाही. एडब्ल्यू हब आलाच 1936 मध्ये, त्यामुळे 1928 च्या सायकलला तो कारखान्यातून लागलेला असणं शक्य नाही. युद्धाआधीच्या एडब्ल्यूवर सालाचा एकच आकडा असायचा, 8 म्हणजे 1938. डायनोहबपण आधी 12 व्होल्टचा, मग 8 चा, 6 वाला युद्धानंतरचा. पांढऱ्या पट्ट्यावर जाऊ नका, तो युद्धानंतरही बरीच वर्षं मारत होते.

पुणेकर_पेडल: आमच्याकडे उलटं होतं, हबवर मेड इन इंग्लंड बघून लोक अख्खी सायकल इंग्लंडची समजतात आणि फ्रेम निघते आपल्याकडच्या, आसनसोलच्या सेन-रॅले कंपनीची :) हबवरून फ्रेम ठरवू नये हेच खरं. ताई, तारा मोजल्या का? पुढे 32 मागे 40 असतील तर निदान चाकं ब्रिटिश पद्धतीची.

मोजल्या, 32 आणि 40 च आहेत. पण दोन्ही चाकं एकदमच कुणी बदलली असतील तर?

सळीब्रेक: त्यासाठीच फ्रेमचे आटे मोजा. हंबरची सायकल 1932 मध्ये रॅलेकडे गेली आणि रॅलेचे बीबीचे (पेडलचा आस फिरतो त्या फ्रेमच्या खालच्या नळीचे) आटे जगावेगळे, इंचाला 26, बाकी बहुतेक ब्रिटिश सायकलींचे 24. त्या नळीत डाव्या बाजूने बसवलेला आट्यांचा कप काढून त्यावर पिच गेज (आटे मोजायची पट्टी) लावा. 26 निघाले तर फ्रेम रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यातली आणि 1928 चा विषय संपला. 24 निघाले तर मात्र विकणारा कदाचित खरं बोलत होता आणि चाकं नंतरची. पण कप काढताना आधी क्रँकच्या कॉटर पिना (क्रँक आसावर घट्ट धरणाऱ्या पाचरी) काढाव्या लागतील, थेट हातोडी मारू नका, डायझेल टाकून रात्रभर ठेवा, नट पिनेवर थोडा राहू द्या आणि खाली क्रँकला लाकडाचा ठोकळा टेकवून मगच ठोका. नाहीतर आटे मोडतात आणि पिन आतच बसते.

आणि ताई, फ्रेम नंबर कुठे आहे?

सीटच्या नळीच्या वरच्या टोकाला, मागच्या बाजूने काहीतरी आहे, पण रंगाचे इतके थर बसलेत की फक्त एक 4 आणि एक अर्धवट अक्षर दिसतंय. पॉलिश पेपर मारू का?

सळीब्रेक: अजिबात नको! खाली मूळ इनॅमल आणि सोनेरी रेघा असतील तर त्याही जातील. कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उमटतो. तो नंबर आणि चिमट्याचा फोटो व्हेटरन-सायकल क्लबला पाठवा, 1955 पासूनची संस्था आहे, तिथे एकेका कंपनीची माहिती ठेवणारी माणसं आहेत. आट्यांचं इथे सांगा, मलाही उत्सुकता आहे.

ओके, डायझेल आजच टाकते. 24 निघाले तर विकणाऱ्याची माफी मागायला जावं लागेल, फार भांडून भाव पाडला होता :)