ऑफिसातून आल्यावर लेक बघतही नाही, अटॅचमेंटची (आई-बाळाच्या ओढीची) गडबड आहे का?

मुलुंडची आई
लेक 13 महिन्यांची, दिवसभर माझ्या आईकडे असते. मी संध्याकाळी लोकलला लोंबकळत घरी येते, दार उघडलं की ती एकदा बघते आणि परत डब्याचं झाकण आपटत बसते. काल रील बघितली, एका खोलीत आई बाळाला सोडून जाते आणि परत येते, बाळाने दुर्लक्ष केलं तर म्हणे 'अव्हॉइडंट', म्हणजे आईला टाळणारं. झालं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. खरंच असं तपासतात का?

एमए सायको
ताई आधी रील बघणं बंद करा 😀 प्रयोग खरा आहे, मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ बाईंनी अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये केलेला, 'स्ट्रेंज सिच्युएशन'. वर्ष-दीड वर्षाचं बाळ, नवखी खोली, खेळणी, आई दोनदा बाहेर जाते, मध्येच एक अनोळखी बाई येते, सगळं मिळून वीसेक मिनिटं, आणि काचेआडून माणसं टिपून घेतात. बाळ किती रडलं यापेक्षा आई परतल्यावर काय करतं ते महत्त्वाचं, म्हणजे बिलगून शांत होतं, की तोंड फिरवतं, की कडेवर घे म्हणतं आणि घेतलं की लाथा झाडतं. गंमत म्हणजे तोंड फिरवणारी बाळं थंड दिसतात, पण 1977 च्या एका अभ्यासात त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले तर वाढलेले निघाले. पण तुमच्याकडे ना घर नवखं ना आजी, त्यामुळे ती टेस्ट तुमच्या दारात होतच नाही.

गिरगावकर
आमच्या चाळीत तर शक्यच नाही. आई बाहेर पडली की ती अनोळखी बाई यायच्या आत शेजारच्या दोन काकूंनी बाळ उचललेलं असेल.

एमए सायको
हसताय, पण या टेस्टवर हाच आक्षेप आहे. जपानात साप्पोरोला 60 बाळांवर हे केलं, तिकडे बाळं आईपासून फारशी लांब राहातच नाहीत, त्यामुळे एकटं सोडल्यावर इतकी रडली की बऱ्याच जणांचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. टेस्टच्या भाषेत आई परतल्यावर बिलगून शांत न होणारं बाळ 'असुरक्षित', पण मग चूक कुणाची, बाळाची की टेस्टची? एन्सवर्थबाई स्वतः बाल्टिमोरच्या आधी, 1954-55 ला, युगांडात घरोघरी जाऊन तासन् तास आई-बाळं बघत बसायच्या. मला विचाराल तर खरं काम ते. एका संध्याकाळवरून कुणी काही ठरवत नाही.

मुलुंडची आई
थँक्यू. आज आईला विचारलं, तर म्हणे जिन्यात तुझ्या चपलांचा आवाज आला की मगच ती झाकण शोधायला धावते. दिवसभर त्याला हातही लावत नाही.