बर्निंग बुशऐवजी पॉइनसेटिया लावा

अमेरिकेतून बर्निंग बुशचं, म्हणजे शरदात पानं लालभडक होणाऱ्या झुडपाचं, बी आणून कोथरूडच्या गच्चीत लावायचा तुमचा विचार वाचला. मनापासून सांगते, नको. हे झुडूप चीन-जपानकडचं, त्याला हिवाळ्यात लांबलचक कडक थंडी लागते. आपल्याकडे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तोही पहाटेपुरता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तर ते रानात पसरतं म्हणून त्याच्या विक्रीवर बंदी आहे!

लाल पानांचंच झुडूप हवं असेल तर पॉइनसेटिया लावा. रात्री लांबल्या की शेंड्याची पानं लालभडक होतात. पण ऑक्टोबरपासून रात्रभर सलग अंधार हवाच. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडला तरी रंग अडतो. म्हणून कुंडी आतल्या बाजूला ठेवा. छाटणी ऑगस्टअखेर थांबवा, आणि छाटताना हातमोजे घाला, चीक त्वचेला झोंबतो.